मामांच्या डब्यातली खोटी नाणी

गेल्या श्रावणात एका रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "पोरी, तुझ्याकडं बारा हजार असतील का? दोन दिवसांत परत करतो." मामा बसवर कंडक्टर होते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण कुणाकडे हात पसरल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सांगतो नंतर." मग मामींनी फोन ओढून घेतला आणि सगळं बाहेर आलं.

मामांनी फेसबुकवर एक जाहिरात पाहिली होती. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळवा. मामांकडे ते होतं. फोटो पाठवला. पलीकडून गोड आवाजाच्या माणसाने अभिनंदन केलं आणि नोंदणीचे २,१५० रुपये मागितले. मग कर म्हणून ६,५००. ते गेल्यावर 'क्लिअरन्स'चे १२,०००. पहिल्या दोन रकमा मामांनी भरल्या होत्या, तिसरीसाठी मला फोन. आम्ही त्याच रात्री १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

ही फसवणूक इतकी जुनी आणि इतकी पसरलेली आहे की रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला त्याबद्दल खास निवेदन काढलं होतं. आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून कुणी जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारावर शुल्क किंवा कर मागत असेल तर देऊ नका, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आणि वैष्णोदेवीचं ते नाणं? देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साल टाकून पाच आणि दहा रुपयांत काढलेलं, सरळ चलनात आलेलं नाणं. त्यात दुर्मिळ असं काही नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. मामा माझ्याशी नीट बोलेनात. संध्याकाळी त्यांनी पत्र्याचा बिस्किटांचा डबा माझ्यासमोर आणून आदळला. "हे सगळंच भंगार आहे का ते एकदा बघ. नाहीतर विहिरीत टाकतो."

डब्यात तीनेकशे नाणी असतील. नोकरीत असताना जे नाणं प्रवासी परत घेईना आणि डेपोचा कॅशियरही घेईना, ते मामांनी स्वतःच्या खिशातून भरून घरी आणलेलं. मामा त्यांना 'खोटी' म्हणायचे. त्यातली खोटी किती आणि वेगळी किती, हे शोधण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं.

पहिली गोष्ट मी शिकले ती ही, की नाण्यातली चूक ओळखायची तर नाणं पाडतात कसं ते आधी कळायला हवं. ते कळायला टाकसाळीत जायची गरज नाही, दिवाळीत स्वयंपाकघरात उभं राहिलात तरी चालेल. आई मोठी पोळी लाटते आणि वाटीने पुऱ्या पाडते. टाकसाळीत धातूचा लांब पट्टा असतो आणि वाटीच्या जागी यंत्राचा पंच. पडलेल्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, मग त्यांची कड दाबून थोडी वर उचलतात. शेवटी ही कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. एका ठशावर छापा, दुसऱ्यावर काटा, आणि चकतीभोवती एक पोलादी कडं. ठसे टनावारी दाबाने एकमेकांकडे येतात, धातू पसरायला बघतो, कडं त्याला अडवतं. सगळी नाणी एकाच मापाची गोल निघतात ती या कड्यामुळे.

यातल्या प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडू शकतं आणि प्रत्येक बिघाडाची नाण्यावर वेगळी खूण राहते. वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चंद्रकोरीसारखा घास पडतो ना? पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर नाण्यालाही तस्साच पडतो. डब्यात असं एक पन्नास पैशाचं नाणं होतं. मामांना वाटायचं कुणीतरी कातरलंय. पण खऱ्या घासाची एक गंमत आहे. चकतीची कड उचलणारं यंत्र दोन्ही बाजूंनी दाबून काम करतं. एका बाजूला धातूच नसेल तर बरोबर समोरच्या बाजूला दाब बसत नाही. म्हणून घासाच्या थेट समोरची कड पुसट, बसकी निघते. घरी कानसने कातरणाऱ्याला ही समोरची खूण सहसा सुचत नाही. मामांच्या नाण्यावर समोरची कड पुसट होती.

मी ते दाखवलं तेव्हा मामा पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले.

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण 'चुकीचं नाणं' ही कल्पनाच तशी अलीकडची आहे. शिवराई कधी हातात घेतलीय? तांब्याचं जाड, वेडंवाकडं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पण या सगळ्या अक्षरांसकट पूर्ण ठसा उमटलेली शिवराई मिळणं नशिबाची गोष्ट. कुठे 'श्री' बाहेर गेलेला, कुठे 'पति'चा अर्धा भाग. ठसा हातोड्याने मारायचा, भोवती कडं नसायचं आणि बऱ्याचदा ठसा चकतीहून मोठा असायचा. पेशवाईतल्या रुपयांचंही तेच. मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर ठशावर पूर्ण असायचा, नाण्यावर त्याचा एखादा तुकडा यायचा. आजच्या संग्राहकाच्या भाषेत यातलं जवळजवळ प्रत्येक नाणं 'ऑफ सेंटर' ठरेल. त्या काळात त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

कारण नाण्याची पारख डोळ्यांनी होतच नव्हती. ती सराफ करायचा. वजन करायचा, वाजवून बघायचा, कसाला लावायचा, कधी छोटी खूणही ठोकायचा. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या गावच्या बाजारात पूर्ण किमतीला चालेलच असं नसे, काही टक्के कापले जात. त्या कपातीला बट्टा म्हणत. आपण अजूनही 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, आणि एखादा माणूस अस्सल असेल तर 'बंदा रुपया' म्हणतो. भाषेने ते सगळं जपून ठेवलंय, सराफाचा काटा तेवढा गेला.

तो गेला यंत्रामुळे. मुंबईत फोर्टमध्ये, टाउन हॉलच्या शेजारी, आज जी टाकसाळ आहे ती १८२० च्या दशकात बांधली गेली आणि वाफेची यंत्रं इंग्लंडहून आली. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, वजन १८० ग्रेन, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. गावोगावच्या टाकसाळी हळूहळू बंद पडल्या. या यंत्राने लोकांना एक वचन दिलं होतं, असं मला वाटतं. नाणं आता तपासू नका. प्रत्येक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच आहे, न बघता घ्या. चूक म्हणून काही असू शकतं ते हे वचन दिल्यानंतरच. शिवराईत चूक शोधणं म्हणजे पोळीचा काठ कंपासने मोजणं.

पण न बघता घेण्याची सवय लागली की जरासं वेगळं दिसलेलं नाणं लगेच संशयित होतं. मामांच्या डब्यातली निम्मीअधिक नाणी याच गटातली निघाली. त्यांच्यात काहीच चूक नव्हती.

सालाच्या खालची खूण बघा. आत्ता, खिशातलं नाणं काढून. शंकरपाळीसारखा चौकोन असेल तर नाणं मुंबईचं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं. नुसता ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं, कारण ती टाकसाळ खूण टाकत नाही. 'हरवलेल्या खुणेचं दुर्मिळ नाणं' म्हणून यूट्यूबवर जे दाखवतात ते बहुतेक वेळा साधं कोलकात्याचं असतं. मामांकडे १९८५ चा एक रुपया होता, सालाखाली इंग्रजी 'एच'. एका प्रवाशाने तो 'फॉरेनचा' म्हणून नाकारला होता. तसं पाहिलं तर तो बरोबरच होता. नाण्यांची टंचाई झाली की सरकार परदेशी टाकसाळींकडून नाणी पाडून घ्यायचं, आणि हा 'एच' बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्सापासून मेक्सिकोपर्यंत आपली नाणी पाडली गेली, त्यांवर त्या त्या टाकसाळीची अक्षरं आहेत. एक रुपयाने एवढा प्रवास करून यावं आणि त्याला आपल्याच बसमध्ये तिकिटाला नाही म्हणावं!

संशयाचं राजकारणही होतं. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया आला. राजाच्या अंगावरच्या मानाच्या साखळीत एक हत्ती होता. सोंड आखूड, पाय बुटके. लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदू-मुसलमान दोघेही चिडले. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले सुमारे ७ लाख बाहेर गेले होते. उरलेले वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती हत्तीसारखा काढला. ठसा नीट, दाब नीट, धातू नीट, तरी नाणं चुकलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २००६ च्या सुमारास, 'विविधतेत एकता' या कल्पनेवरच्या दोन रुपयांच्या नाण्यावरच्या छेदणाऱ्या रेषांत लोकांना ख्रिस्ती क्रूस दिसला. तक्रारी झाल्या आणि २००७ पासून हाताच्या मुद्रा आल्या, एक रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. वाचता न येणाऱ्यालाही किंमत कळावी अशी ती नाणी मला तरी आपली सगळ्यात शहाणी नाणी वाटतात.

आणि दहा रुपयांचं तुम्हाला आठवत असेलच. पंधरा रेषांचं खोटं, दहा रेषांचं खरं. रुपयाचं चिन्ह नसेल तर खोटं. मुळात रुपयाचं चिन्हच जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, त्याआधीच्या नाण्यावर ते येणार कुठून? रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये खुलासा केला. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं की चौदा वेगवेगळ्या नक्षींची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. तरी कितीतरी भाजीवाल्यांनी ती घेतली नाहीत, कारण पुढचा घेत नव्हता. मामांची नोकरी तोवर संपली होती. नाहीतर डबा आणखी मोठा झाला असता.

मग खरोखर चुकलेली नाणी उरली, आणि त्यांच्यात मिसळलेली नुसती मार खाल्लेली. हा फरक करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नियम सोपा आहे. टाकसाळीतून बाहेर पडण्याआधी घडलं तर चूक, बाहेर पडल्यावर घडलं तर इजा. चपटं, पसरलेलं, नक्षी पुसलेलं नाणं बघून मी हरखले होते. मामांनी एका नजरेत निकाल लावला: "रुळावर ठेवलंय कुणीतरी पोरानं." दहाच्या नाण्याचा मधला भाग उलटा बसलेला दिसला तर आधी सांध्यावर ओरखडे शोधा. तापवून, ठोकून आतली चकती काढून उलटी बसवणारे कारागीर आहेत.

डब्यात एक चांगला नमुना फिरलेल्या ठशाचा मिळाला. आपलं नाणं समोर धरा, छापा सरळ ठेवा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं बाजूने उलटा. काटाही सरळच दिसायला हवा. (अमेरिकेहून आलेल्या भावंडाचं क्वार्टर असं उलटलं तर आकृती डोक्यावर उभी दिसेल. ती चूक नाही, त्यांची रीतच तशी आहे.) मामांच्या एका रुपयावर काटा घड्याळातल्या दोनच्या काट्यासारखा कलला होता. ठसा त्याच्या जागी सैल झाला की तो हळूहळू फिरत जातो, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत पडलेली सगळी नाणी तशीच बाहेर जातात. म्हणूनच ती फार महाग नसतात. 'एवढंसं फिरलंय' म्हणून हजारो मागणाऱ्याला नमस्कार करावा.

ठशांची अदलाबदल ही मात्र मोठी चूक, कारण ती यंत्राची नसते. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची नक्षी बदलली तेव्हा साल काट्यावरून छाप्यावर हलवलं होतं. कुणीतरी नवा काटा आणि जुना छापा एकत्र बसवला. साल दोन्हीकडे नाही. तीनशेहून अधिक वर्षांत त्या देशात चलनात आलेलं पहिलं बिनसालाचं नाणं. असं काही मामांच्या डब्यात नव्हतं. मला वेडी आशा होती, हे कबूल करते.

पण तळाशी एक नाणं होतं, औषधाच्या पुडीच्या कागदात गुंडाळलेलं. पोलादी, एक रुपयाएवढं. एका बाजूला नेहमीचे सिंह, डावीकडे 'भारत'. दुसऱ्या बाजूला किंमत नाही, साल नाही, खूण नाही. तिथे पुन्हा सिंहच, पण आत खोल गेलेले आणि आरशात दिसतात तसे, 'भारत' उजवीकडे, उलटा. मामा म्हणाले, "हे तर डोळे झाकून खोटं. यावर किंमतच नाही. कॅशियरनं माझ्याकडं असं बघितलं होतं, जणू मीच घरी पाडलंय."

नाण्यांच्या बाजारात याला 'लखी' म्हणतात. घडतं असं: एक रुपया पाडून झाला, पण खाली न पडता काट्याच्या ठशालाच चिकटून राहिला. मागून नवी कोरी चकती आली. तिच्या एका बाजूला छाप्याचा ठसा नीट बसला. दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी चिकटलेलं नाणं होतं, त्याचे उठावाचे सिंह हिच्यात खड्डा करून उमटले. चिकटलेलं नाणं प्रत्येक ठोक्याला पसरत जातं, त्यामुळे पुढच्या नाण्यांवर ही आरशातली आकृती मोठी आणि धूसर होते. मामांच्या नाण्यावर सिंहांच्या आयाळीची रेघन्‌रेघ दिसत होती. म्हणजे ते अगदी पहिल्या एक-दोन ठोक्यांतलं असणार.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. दोन नाणी फिटरच्या व्हाइसमध्ये धरून दाबली तरी एकाचं चित्र दुसऱ्यात उलटं उमटतं. पण तसं केलं तर आधीचं चित्र पूर्ण जात नाही. उलट्या सिंहांखाली एकचा आकडा किंवा गव्हाच्या ओंब्या चेपलेल्या दिसल्या असत्या, आणि मागचे सिंहही घासले गेले असते. भिंगाखाली तसं काहीच नव्हतं. गावातल्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं. ४.८५ ग्रॅम. व्यास २५ मिलिमीटर. १९९२ मध्ये आलेल्या पोलादी एक रुपयाचं माप. एक अडचण मात्र होती. २०११ मध्ये आलेलं दोन रुपयांचं नाणंही नेमकं याच मापाचं आणि वजनाचं होतं. त्यावर किंमतच नसल्याने नाण्याकडून उत्तर मिळणार नव्हतं. ते मामांकडे होतं.

"मी २००९ ला रिटायर झालो," मामा म्हणाले. "हे त्याच्या लई आधीचं. विट्याची दुपारची गाडी. एका म्हातारीनं दिलेलं. तिला परत द्यायचं जिवावर आलं, तिच्याकडं दुसरा रुपया नव्हता."

म्हणजे एक रुपयाच.

पुण्यात एका ओळखीच्या नाणेविक्रेत्याला मी ते दाखवलं. त्याने बराच वेळ निरखलं, खरं असल्याचं सांगितलं आणि आठशे रुपये देऊ केले. मी मामांना फोन लावला. दहा लाखांचा विषय निघेल म्हणून मनात धाकधूक होती. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"विकू नकोस. परत आण," म्हणाले. आणि मग, "त्या कॅशियरला आता कुठं शोधायचा? त्या दिवशी माझा एक रुपया खिशातनं गेला होता."